पाच दिवसांत झडणाऱ्या अस्तरात दहा वर्षांचा कर्करोग नेमका कोणत्या पेशीतून सुरू होतो?

वर्धाकाठ (समुद्रपूर तालुका)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या, मोठ्या आतड्यातील उजव्या बाजूची गाठ नुकतीच शस्त्रक्रियेने काढली आणि रिपोर्टमध्ये 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा' असे आले, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग. वॉर्डात शेजारच्या खाटेवर हिंगणघाटकडचे एक शेतकरी होते. त्यांच्या जठरात गाठ होती आणि त्यांनाही सगळे 'पोटाचा कॅन्सर' असेच म्हणत होते, परंतु त्यांना केमोचे सलाईन न लावता रोज घ्यायची एक गोळी लिहून दिली. दोघांचे पोटच दुखत होते, दोघांच्या गाठी अन्नमार्गातच होत्या, तरी उपचार इतके वेगळे का, हे घरच्यांना मला समजावून सांगता आले नाही.

त्यापेक्षाही मला अस्वस्थ करणारा प्रश्न दुसरा आहे. आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते असे मी मुलांना शिकवतो. डॉक्टर मात्र म्हणतात की अशी गाठ तयार व्हायला दहा वर्षेही लागू शकतात. जी पेशी पाच दिवसांत गळून शौचावाटे निघून जाते, तिच्यात दहा वर्षे चालणारा आजार मूळ धरतोच कसा? तो सुरू होतो तरी कोणत्या पेशीतून? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

निळी_शाई (अमरावती)

सर, मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि रोजचे काम याच स्लाइडांचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

मोठ्या आतड्याचे अस्तर सपाट नसते. त्यात सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील अशा लाखो अरुंद, खोल विहिरी असतात आणि त्यांना क्रिप्ट म्हणतात. विहिरीच्या तळाशी मोजक्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल असतात. मूलपेशी विभागली की तिच्या काही लेकी तळाशीच राहतात आणि काही भिंतीवरून वर सरकू लागतात. वर जाता जाता त्या आणखी काही वेळा विभागतात, मग त्यांतली एखादी श्लेष्मा तयार करणारी होते, एखादी पाणी शोषणारी होते, आणि चार-पाच दिवसांत काठाशी पोहोचून त्या आतड्याच्या पोकळीत गळून पडतात. आपल्या पुस्तकातले पाच दिवस हे या वर चढणाऱ्या पेशींचे आयुष्य आहे. तळाच्या मूलपेशींचा वंश मात्र माणसाच्या आयुष्यभर तिथेच चालू राहतो.

नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एलजीआर५ या खुणेवरून आतड्यातील मूलपेशी ओळखता येतात हे दाखवले. २००९ साली त्यांनी उंदरांवर आपल्याच प्रश्नाचा प्रयोग केला. एपीसी नावाचे एक जनुक आहे, जे पेशीला 'वाढ' हा संदेश प्रमाणाबाहेर पोहोचू देत नाही. हे जनुक त्यांनी काही उंदरांत फक्त मूलपेशींमधून काढून टाकले, तेव्हा तीन ते पाच आठवड्यांत डोळ्यांना दिसतील अशा गाठी उभ्या राहिल्या. तेच जनुक वर चढणाऱ्या अल्पायुषी पेशींमधून काढले, तेव्हा अगदी बारीक गाठी झाल्या खऱ्या, पण बहुतेक तिथेच थांबल्या आणि तीस आठवड्यांनंतरही मोठी गाठ क्वचितच दिसली. बिघाड एकच होता, पण तो कोणत्या पेशीत झाला यावर पुढचे सगळे अवलंबून राहिले.

दहा वर्षांचा हिशेब असा आहे. एरिक फिअरॉन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी १९९० साली मांडले की मोठ्या आतड्याचा कर्करोग एका फटक्यात होत नाही. बहुधा आधी एपीसी बिघडते आणि लहानसा पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेला कोंब, होतो, पुढे केआरएएस हे वाढीचा संदेश देणारे जनुक बिघडते, पॉलिप वाढतो, आणखी पुढे पी५३ हे बिघडलेल्या पेशीला थांबवणारे जनुक बिघडते आणि मग पेशी अस्तराची सीमा ओलांडून आतल्या थरांत शिरतात. प्रत्येक बिघाड त्याच वंशात, आधीच्या बिघाडाच्या जोडीला घडावा लागतो. म्हणून वर्षे लागतात.

स्लाइडवर हा फरक फार स्पष्ट दिसतो. निरोगी आतड्याचा आडवा छेद घेतला की क्रिप्टची गोल गोल तोंडे ओळीने दिसतात, पेशींची केंद्रके बाहेरच्या कडेला शिस्तीने बसलेली असतात आणि मध्ये श्लेष्माचे फिकट थेंब असतात. पॉलिपमध्ये तीच केंद्रके लांबट आणि गडद निळी होतात, एकमेकांवर चढतात, श्लेष्माचे थेंब कमी होतात. तरीही तळाची सीमारेषा शाबूत असते, आणि तोवर तो कर्करोग नसतो.

पऱ्हाटी (दारव्हा)

ताई, म्हणजे पेशी जाते पण वंश राहतो, असेच ना? मग त्या तळाच्या मूलपेशींत निरोगी माणसातही काही बिघाड साठत असतील. ते कोणी मोजले आहेत काय?

निळी_शाई

होय, मोजले आहेत. इंग्लंडमधील वेलकम सँगर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली निरोगी मोठ्या आतड्यातील एकेक क्रिप्ट वेगळा काढून त्याचा डीएनए वाचला. दरवर्षी साधारण चाळीसच्या आसपास बदल प्रत्येक वंशात साठत जातात असे त्यांना दिसले. त्यातले जवळजवळ सगळे निरुपद्रवी असतात. मात्र पन्नाशी-साठीच्या माणसांत सुमारे एक टक्का क्रिप्टमध्ये कर्करोगाकडे नेऊ शकणारा एखादा बदल आधीच असतो, तरी त्यातले अगदी मोजकेच पुढे जातात.

बेंबळा (यवतमाळ)

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. निळी_शाई यांनी दिलेली माहिती अचूक आहे, पण 'मूलपेशीतूनच' असा निष्कर्ष वाचकांनी काढला तर तो मला मान्य नाही.

२००१ साली व्होगेलस्टाइन यांच्याच गटाने माणसांच्या लहान पॉलिपांची तपासणी केली, तेव्हा बिघडलेल्या पेशी विहिरीच्या काठाशी आणि तळ मात्र निरोगी असे चित्र त्यांना दिसले. २००३ साली लंडनच्या एका गटाने त्याहूनही सुरुवातीच्या, एका क्रिप्टपुरत्या मर्यादित गाठी पाहून उलट सांगितले की सुरुवात तळाशीच होते. हा वाद बरीच वर्षे चालला. मग २०१३ साली जर्मनीतील फ्लोरियान ग्रेटेन यांच्या गटाने दाखवले की उंदरांच्या आतड्यात दाहाचा संदेश आणि वाढीचा संदेश दोन्ही एकाच वेळी जोरात मिळाले, तर पूर्ण तयार झालेली, एरवी गळून पडणारी पेशीसुद्धा मागे फिरते, मूलपेशीचे गुण पुन्हा धारण करते आणि गाठ सुरू करू शकते.

याचा अर्थ असा की मूलपेशी असणे हा पेशीचा कायमचा दर्जा नसून बऱ्याच अंशी ती एक अवस्था आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिससारख्या वर्षानुवर्षे चालणाऱ्या दाहात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका का वाढतो, याचे एक उत्तर कदाचित इथे मिळते. शिवाय सगळे पॉलिप एका घराण्याचे नसतात. २०२१ साली अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाने माणसांच्या पॉलिपांतील एकेक पेशी तपासून सांगितले की नेहमीचे अ‍ॅडिनोमा मूलपेशींच्या वाढीतून येतात, पण दातेरी, म्हणजे सेरेटेड पॉलिपांत मात्र आतड्याच्या पेशी जठराच्या पेशींसारखे रूप घेतात आणि तिथून सुरुवात होते.

निळी_शाई

बेंबळा सर, आपला मुद्दा रास्त आहे आणि माझा त्याला विरोध नाही. मात्र २००९ चा प्रयोग आणि २०१३ चा प्रयोग एकमेकांना खोडत नाहीत असे मला वाटते. शांत, निरोगी आतड्यात एकच बिघाड झाला तर तो टिकून राहण्याची संधी मूलपेशीलाच असते. जखम किंवा दाह असेल तर नियम बदलतात, कारण शरीर स्वतःच तयार पेशींना मागे वळवून जखम भरून काढत असते. दुरुस्तीचीच ही वाट पुढे गाठीकडे वळते.

पळसफूल (चिमूर)

मी डॉक्टर नाही, पण हे सगळे वाचून मन अस्वस्थ झाले आहे, म्हणून लिहिते. माझ्या आईच्या शौचातून रक्त जात होते. गावाजवळच्या बाजारपेठेत मूळव्याधीवर इलाज करणाऱ्या एकाकडे आम्ही तिला नेत राहिलो आणि तो प्रत्येक वेळी लेप आणि पुड्या देत राहिला. एकदाही कोणी बोटाने तपासले नाही की दुर्बीण तपासणीचे नाव काढले नाही. गुदाशयाचा कर्करोग हाती लागला तोपर्यंत तो यकृतात पोहोचला होता. पॉलिपचा कर्करोग व्हायला इतकी वर्षे मिळत असतील, तर ती वर्षे आमच्यासारख्यांच्या वाट्याला का येत नाहीत, हा माझा प्रश्न आहे.

वैनगंगा (देसाईगंज)

पळसफूलताई, आपल्या आईविषयी वाचून फार वाईट वाटले. मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आपल्या प्रश्नाचे एक कारण असे आहे की उपकेंद्रावर, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, तिशीवरील लोकांची जी तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी आहे. मोठे आतडे त्या यादीत नाही. अनेक देशांत ठरावीक वयानंतर शौचातील न दिसणारे रक्त शोधण्याची सोपी चाचणी करतात आणि त्यात रक्त आढळले की कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी, करतात. पॉलिप त्याच वेळी दुर्बिणीतून काढून टाकला की त्याचा कर्करोग होण्याची वाटच बंद होते. आपल्याकडे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, पण ज्या घरात तो येतो त्या घराला त्याचा काही उपयोग नसतो. चाळिशीनंतर शौचातून रक्त जात असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा कारण नसताना अंगातले रक्त कमी झाले असेल, तर मूळव्याध गृहीत धरू नये एवढे मी प्रत्येक गृहभेटीत सांगते.

आता धाग्याच्या विषयाकडे येते. आमच्या भागातला खरा भार अन्नमार्गाच्या पहिल्या टोकाला आहे. पानठेल्यावर पन्नीच्या तुकड्यावर सुपारीची खांड, तंबाखू आणि चुना टाकून तळहाताने घोटघोट घोटतात, सुपारी ओली आणि काळपट होते, मग ती पन्नी गुंडाळून खिशात जाते आणि दिवसभर थोडा थोडा खर्रा गालात दाबला जातो. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण खर्रा शाळेच्या वाटेवर आजही मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही २००४ साली पहिल्या गटातील, म्हणजे माणसांत कर्करोग निश्चितपणे घडवणारी वस्तू ठरवले आहे, हे तंबाखू टाळून 'साधी सुपारी' खाणाऱ्यांना मी आवर्जून सांगते. तोंडात आणि अन्ननलिकेत विहिरी नसतात, पेशींचे थरावर थर असतात. तिथे कर्करोग कोणत्या पेशीतून सुरू होतो, हे कोणी सांगेल काय?

बेंबळा

वैनगंगाताई, तोंडात आणि अन्ननलिकेत सर्वांत खालच्या थरातल्या पेशी विभागतात, त्यांना पायथ्याच्या किंवा बेसल पेशी म्हणतात. त्यांची प्रजा वर वर सरकते, चपटी होते आणि गळते. खवल्यासारख्या चपट्या पेशींचा कर्करोग, म्हणजे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, या खालच्या थरातून सुरू होतो असे मानले जाते. भारतातल्या अन्ननलिकेच्या कर्करोगांत हाच प्रकार जास्त आढळतो आणि तंबाखू हे त्याचे मोठे कारण आहे. पासष्ट अंशांपेक्षा गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण म्हणून त्याच संस्थेने २०१६ साली नोंदवली आहेत.

अन्ननलिकेविषयी २०१८ साली आलेली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. निरोगी माणसांच्या अन्ननलिकेचे छोटे तुकडे तपासले, तेव्हा मध्यम वयापर्यंत अस्तराचा मोठा भाग नॉच१ या जनुकात बदल झालेल्या पेशींच्या वंशांनी व्यापलेला आढळला. म्हणजे बदललेल्या पेशी असूनही अस्तर वर्षानुवर्षे बिनतक्रार काम करत होते. इतकेच नव्हे, तर नॉच१ मधला बदल प्रत्यक्ष कर्करोगाच्या गाठींत त्याहून कमी प्रमाणात सापडतो. पुढे २०२१ साली केंब्रिजच्या फिल जोन्स यांच्या गटाने उंदरांत दाखवले की अशा काही बदललेल्या वंशांनी शेजारी उगवणाऱ्या सूक्ष्म गाठींना बाजूला ढकलून संपवले. त्यामुळे 'बदल झाला म्हणजे कर्करोग झाला' हे समीकरण मी विद्यार्थ्यांना शिकवणे बंद केले आहे.

सोनकाडी (मेहकर)

मला बारमाही पित्ताचा त्रास आहे. जळजळ जुनी झाली की अन्ननलिकेचा कर्करोग होतो असे ऐकले आहे. तो याच बेसल पेशींतून होतो का?

निळी_शाई

नाही, तो प्रकार वेगळा आहे. जठरातील आम्ल आणि पित्त वर्षानुवर्षे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला येत राहिले, तर काही जणांत तिथले चपटे अस्तर जाऊन आतड्यासारखे उंच पेशींचे अस्तर येते. ब्रिटिश शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी १९५० साली त्याचे वर्णन केले म्हणून त्याला बॅरेट्स इसोफेगस म्हणतात. या उंच पेशी आल्या कुठून, यावर कितीतरी मते होती. २०२१ साली केंब्रिजच्या गटाने एकेक पेशीची जनुकीय ओळख ताडून सांगितले की त्या अन्ननलिकेच्या नसून जठराच्या तोंडाशी असलेल्या पेशींपासून आलेल्या आहेत. कर्करोग सापडतो अन्ननलिकेत, पण त्याच्या पूर्वज पेशी जठराच्या असतात. तुम्ही मात्र लगेच भिऊ नका. जळजळ असलेल्या बहुतेकांना बॅरेट होत नाही आणि बॅरेट झालेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. तरी त्रास अनेक वर्षांचा असेल, वजन घटत असेल किंवा घास अडकत असेल, तर एंडोस्कोपी करून घ्यावी.

बेंबळा

जठराचेच पाहा. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठरातून वाढवून दाखवला, मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतः प्यायला आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. हा जंतू वर्षानुवर्षे राहिला की आधी दाह होतो, मग आम्लाच्या ग्रंथी झिजतात, मग जठरात आतड्यासारखे अस्तर उगवते, त्यानंतर पेशींची ठेवण बिघडते आणि शेवटी काही जणांत कर्करोग होतो. ही साखळी पेलायो कोरेआ यांनी मांडली. साखळीची पहिली कडी कोणती पेशी, यावर अजून एकमत नाही. एक मत असे की ग्रंथीच्या मानेजवळच्या मूलपेशी. दुसरे असे की तळाशी पाचकरस करणाऱ्या 'चीफ' पेशी, ज्या एरवी महिनोन्‌महिने शांत राहतात आणि जखम झाली की रूप बदलून पुन्हा विभागू लागतात. २००४ साली तर उंदरांत अशा गाठींतील पेशी अस्थिमज्जेतून आल्याचे एका अमेरिकन गटाने प्रसिद्ध केले होते, पण माणसांतल्या बहुतेक गाठींसाठी ते मत टिकले नाही.

स्वादुपिंडात याहून मोठा चकवा आहे. तिथला नेहमीचा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली नलिकेच्या पेशींसारखा दिसतो आणि त्याचे नावही तसेच आहे. परंतु केआरएएस बिघडवलेल्या उंदरांत पाचकरस तयार करणाऱ्या अ‍ॅसिनर पेशी दाहाच्या काळात नलिकेसारख्या होतात आणि त्यांतूनच कर्करोगाची पूर्वस्थिती उभी राहते, हे वारंवार दिसले आहे. गाठीच्या रूपावरून तिचा उगम ओळखायचा मोह आवरावा लागतो, तो यामुळे.

पऱ्हाटी

यकृताविषयी कोणी लिहिले नाही. आमच्याकडे भुईमूग आणि मका ओला राहिला की हिरवट बुरशी धरते आणि बरेच लोक तो उन्हात वाळवून खाण्यात घेतात. त्यातून यकृताचा कर्करोग होतो हे खरे आहे का, आणि तिथे मूलपेशी असतात का?

निळी_शाई

पऱ्हाटी भाऊ, हे खरे आहे. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते आणि ते वाळवल्याने किंवा घरच्या शिजवण्याने नष्ट होत नाही. मोठ्या मात्रेत ते थेट यकृत निकामी करते. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरील आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती. थोड्या मात्रेत वर्षानुवर्षे पोटात गेले तर ते यकृताच्या पेशीतील पी५३ जनुकाच्या २४९ क्रमांकाच्या ठिकाणी एक ठरावीक बदल घडवते. हा बदल इतका विशिष्ट आहे की गाठीत तो सापडला की अफ्लाटॉक्सिनकडे बोट जाते. हिपॅटायटिस बी सोबत असेल तर धोका कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून बाळाला जन्मतःच दिली जाणारी लस इथेही उपयोगी पडते.

यकृताची तऱ्हा आतड्यापेक्षा वेगळी आहे. तिथली तयार पेशी, म्हणजे हिपॅटोसाइट, दीर्घायुषी असते आणि गरज पडली की स्वतःच विभागते. म्हणून यकृताच्या नेहमीच्या कर्करोगाचे मूळ बहुतांशी याच तयार पेशींत शोधले जाते. बुरशी लागलेले दाणे निवडून फेकावेत, जनावरांच्या ढेपीतही घालू नयेत, कारण गाईम्हशींनी ते खाल्ले की त्या विषाचेच एक रूप दुधात उतरते.

सोनकाडी

दुधाचे माहीत नव्हते. आजच ढेपीचे पोते पाहतो.

वर्धाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. अस्तराचे कोडे आता मला नीट उलगडले. पण शेजारच्या खाटेवरील शेतकऱ्याला गोळीच का, हे अजून राहिले आहे. त्यांच्या कागदावर 'जिस्ट' असे लिहिलेले मी पाहिले होते.

निळी_शाई

मग उत्तर सोपे आहे. आतापर्यंत आपण ज्या गाठींविषयी बोललो त्या अस्तराच्या किंवा ग्रंथींच्या पेशींपासून होतात. जिस्ट मात्र अन्नमार्गाच्या भिंतीतल्या, स्नायूंच्या थरांमधल्या पेशींची गाठ असते. अन्न पुढे ढकलणाऱ्या लाटांचा ताल धरणाऱ्या काही पेशी तिथे असतात आणि स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. जिस्ट या काहाल पेशींशी किंवा त्यांच्या पूर्वज पेशींशी नाते सांगते. जपानमधील हिरोता आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले की यातील बहुतेक गाठींत किट नावाच्या जनुकात बदल होऊन वाढीचा संदेश सतत चालू राहतो. हा संदेश अडवणारे इमॅटिनिब हे औषध रक्ताच्या एका कर्करोगासाठी आधीच तयार झाले होते. ते इथेही लागू पडले. नेहमीची केमो जिस्टवर जवळजवळ निष्प्रभ ठरते. आपल्या देशात या औषधाच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये फेटाळला, त्यामुळे कमी किमतीच्या गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला.

जठरातच आणखी एक तिसरी गाठ होते, माल्ट लिम्फोमा. ती पांढऱ्या रक्तपेशींपैकी बी लिम्फोसाइटची असते आणि हेलिकोबॅक्टरमुळे झालेली असेल तर सुरुवातीच्या अवस्थेत अनेकदा जंतू मारणाऱ्या औषधांनीच ती विरते. एकाच जठरात पेशी बदलली की सगळा उपचार बदलतो, म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट हाती येण्याआधी उपचारांची तुलना करू नये.

तूरमोहर (कारंजा)

एवढे वाचून एक शंका येते. शेवटी हे नशीबच आहे, असे शास्त्रज्ञांनीही म्हटल्याचे मी वाचले होते. मग खर्रा सोडला काय आणि न सोडला काय?

बेंबळा

आपण जानेवारी २०१५ च्या निबंधाविषयी बोलत आहात. क्रिस्टियान तोमासेट्टी आणि व्होगेलस्टाइन यांनी निरनिराळ्या अवयवांत आयुष्यभरात मूलपेशी किती वेळा विभागतात आणि तिथे कर्करोग किती होतो, यांची सांगड घातली. जिथे विभाजने जास्त, तिथे कर्करोग जास्त, असे त्यांना दिसले. लहान आतडे मोठ्या आतड्यापेक्षा कितीतरी लांब असूनही तिथला कर्करोग फारच विरळा असतो, याचाही काही उलगडा त्यातून होतो. पण हा हिशेब एका अवयवाची दुसऱ्याशी तुलना करतो. खर्रा खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या माणसांची तुलना तो करत नाही. वर्तमानपत्रांनी त्याचे 'दोन तृतीयांश कर्करोग नशिबाने' असे मथळे केले आणि त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यावर जाहीर आक्षेप घेतला. शिवाय विभाजनांखेरीज इतरही कारणे असतात. मोठ्या आतड्यात जंतूंची प्रचंड वस्ती असते, आणि तिथल्या ई. कोलायच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाच्या रसायनाने पेशींच्या डीएनएवर विशिष्ट खूण सोडतात हे २०२० साली सिद्ध झाले आहे.

वैनगंगा

तूरमोहर दादा, शब्द कठोर वाटला तर क्षमा करा, पण खर्र्याने तोंड उघडेनासे झालेल्या तरुण मुलांच्या गालात मी रोज टॉर्च मारून पाहते. त्यांच्यासमोर मला नशिबाचे नाव घेता येत नाही.

तूरमोहर

ताई, आपले म्हणणे समजले. माझा धाकटा भाऊ खातो. त्याला या आठवड्यात आपल्यासारख्या कोणाकडे तरी तपासायला नेतो.

पळसफूल

वर्धाकाठ सर, आपल्या मोठ्या बाबांचे वय किती आहे? आणि घरात आधी कोणाला असा आजार होता का? आईच्या वेळी एका डॉक्टरांनी आम्हाला हे फार बारकाईने विचारले होते, म्हणून विचारते.

वर्धाकाठ

ताई, मोठे बाबा अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत. माझी आत्या पंचेचाळिशीच्या आत गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली, त्या वेळी शस्त्रक्रिया नागपूरला झाली होती. आजोबा पन्नाशीच्या आतच पोट फुगून गेले असे घरात सांगतात, पण त्यांची तपासणी झालेली नव्हती.

निळी_शाई

सर, आपण सुरुवातीलाच हे लिहिले असते तर मी याच गोष्टीपासून आरंभ केला असता. उजव्या बाजूचे आतडे, पन्नाशीच्या आतले वय आणि सख्ख्या बहिणीला गर्भाशयाचा कर्करोग, हे तीन मुद्दे एकत्र आले की लिंच सिंड्रोमचा, म्हणजे घराण्यातून चालत येणाऱ्या कर्करोगाच्या प्रवृत्तीचा, विचार करावाच लागतो. अमेरिकेतील अल्ड्रेड वॉर्थिन यांनी १९१३ साली अशा एका घराण्याची नोंद प्रसिद्ध केली आणि १९६० च्या दशकात हेन्री लिंच यांनी त्याचा पाठपुरावा केला, म्हणून हे नाव आहे.

आपल्या मूळ प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. पेशी विभागताना डीएनएची नक्कल करण्यात चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही चार प्रमुख जनुके असतात. लिंच असलेल्या माणसाला यांपैकी एका जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष मिळालेली असते. एखाद्या मूलपेशीत दुसरी प्रतही बिघडली की त्या वंशात चुका भराभर साठतात. इतरांत पॉलिपचा कर्करोग व्हायला दहा वर्षे लागत असतील, तर इथे दोन-तीन वर्षेही पुरतात. म्हणून अशा घरांतल्या दोष असलेल्या व्यक्तींची कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी करतात.

आपण एवढे करा. मोठ्या बाबांच्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, जिथे शस्त्रक्रिया झाली तिथल्या पॅथॉलॉजी विभागात जपून ठेवलेला असतो. त्यावर 'एमएमआर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री', म्हणजे या चार जनुकांची प्रथिने गाठीत आहेत का हे रंगवून पाहणारी तपासणी, करून घेता येईल का असे आपल्या डॉक्टरांना विचारा. चारपैकी एखादे प्रथिन गाठीच्या पेशींत दिसले नाही, तर पुढे रक्तावरून जनुकाची तपासणी करता येते. फक्त एमएलएच१ दिसले नाही तर ते आनुवंशिक नसलेल्या कारणानेही असू शकते, विशेषतः उतारवयात, म्हणून त्या वेळी आणखी एक-दोन चाचण्या करून मगच घरच्यांना सांगतात. रक्तात दोष सापडला तर मोठ्या बाबांच्या मुलांना आणि आपल्या वडिलांना तो असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी आहे. आपल्या वडिलांत तो सापडला तरच आपली तपासणी करावी लागेल. गाठीत हा दोष असेल तर आजार पुढे गेलेल्या रुग्णांत इम्युनोथेरपीचाही, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीविरुद्ध जागे करणाऱ्या औषधांचाही, उपयोग होतो, हेही डॉक्टरांशी बोलून ठेवा.

वर्धाकाठ

ताई, सोमवारी फेरतपासणी आहे, तेव्हाच विचारतो. वडिलांना आज रात्री सांगतो. आत्यांचा ब्लॉक इतक्या वर्षांनी मिळू शकेल का?

निळी_शाई

मिळू शकतो. मेणातले ब्लॉक नीट ठेवले तर अनेक वर्षे टिकतात आणि त्यांवर ही तपासणी करता येते. आत्यांच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा जुन्या रिपोर्टवर बायोप्सीचा क्रमांक असेल. तो शोधून ठेवा, आणि त्यांच्या पतीचा किंवा मुलांचा अर्ज सोबत असू द्या, कारण ब्लॉक सहसा जवळच्या नातेवाइकांच्या अर्जावरच देतात.